‘नको’ म्हणायचं बटण

प्रिय अदारक्वा,

तुझ्या स्मरणशक्तीवर माझा भरवसा राहिलेला नाही, म्हणून आधी ओळख करून देते. मी तुझी आजी. ओडुमासोची. बुटकी, डाव्या कानाने कमी ऐकणारी, जिच्या पाठीवर बसून तू कोकोच्या बागेत जायचास आणि जिच्या खांद्यावर तू पोटभर ओकलाही आहेस. आठवली का? तुझ्या त्या कॉम्प्युटरवरच्या खेळातले शेकडो राजे, त्यांचे बाप आणि त्यांच्या लढाया तुला पाठ आहेत, असं तुझी ताई सेरवा सांगते. एवढ्या गर्दीत एक म्हातारी हरवली, तर तुझा तरी काय दोष.

फोन तू उचलत नाहीस. सेरवाने माझा आवाज फोनमध्ये भरून पाठवला, तोही तू ऐकला नाहीस. ऐकला की इथे निळी खूण येते म्हणे. मी दोन दिवस त्या खुणेची वाट बघितली, मग म्हटलं, मरो ती खूण, आपण कागद पाठवू. तेव्हा हे पत्र. बोलतेय मी, लिहितेय तुझी ताई. बसचा ड्रायव्हर ओपुनी ते अक्राला तुझ्या ऑफिसच्या दारात आणून देईल आणि तू पहिलं पान वाचेपर्यंत तिथून हलणार नाही, असं मी त्याच्याकडून कबूल करून घेतलंय. तो समोर उभा असेल तर त्याला पाणी विचार.

घाबरू नकोस. हे पत्र राजाच्या आसनाबद्दल नाही. आसनाचं तुला ठाऊक आहेच, आणि विसरला असशील तर एवढंच सांगते की ते अजून रिकामं आहे. त्यावर बसलेला माझा भाऊ त्याच्या गावी गेला, त्याला पुढच्या महिन्यात वर्ष होईल. नवं नाव सुचवायचं काम राजमातेचं, म्हणजे राजाची बहीण म्हणून माझं, आणि सुचवायची नावं तीन. पहिलं मी तुझ्या द्वोमोमामाचं सुचवलं. त्याने नदीतली वाळू कोणाला न विचारता विकली होती, ते वडीलधाऱ्यांना माझ्याआधी कळलं होतं. दुसरं माझ्या बहिणीच्या नातवाचं, न्यांताचं. तो आता पाद्री झालाय आणि म्हणतो, पूर्वजांसाठी जमिनीवर पेय ओतणार नाही. आता ज्याला आपल्याच आज्या-पणज्यांना घोटभर पाजायला जड जातं, तो गावाला काय पाजणार? त्यालाही त्यांनी बाजूला काढलं. उरलं एक नाव. तेही पडलं, तर वडीलधारे आपल्या मर्जीने वरच्या आळीतला माणूस बसवतील आणि आसन आपल्या घरातून जाईल. परत यायचं झालं तरी ते बघायला मी नसेन, आणि तूही म्हातारा झालेला असशील.

सगळं गाव म्हणतं, तिसरा तूच. माझ्या मुलीचा मुलगा, शिकलेला, हातपाय धड. म्हणून तू तिकडे दडून बसलायस. मी धट्टीकट्टी माणसं पाठवीन, ती तुला ऑफिसातून उचलून आणतील, अंगाला पांढरी माती लावतील आणि मग तू आयुष्यभर छत्रीखाली बसशील, या भीतीने तू आजीचा फोन घेत नाहीस. बरं. तुझ्या भीतीचं मी नंतर बघते. मला आज तुझ्या खेळाबद्दल बोलायचंय.

गेल्या आठवड्यात सेरवाने मला तुझा व्हिडिओ दाखवला. खेळ बनवणाऱ्या परदेशी कंपनीने खेळणाऱ्यांना विचारलंय म्हणे, की पुढच्या भागात काय काय हवं ते कळवा, आणि तू तुझी यादी साऱ्या जगाला वाचून दाखवतोयस. इंग्रजीत. सेरवा मध्येमध्ये थांबवून मला सांगत होती. शर्ट छान होता. गाल मात्र आत गेलेत. तुला हव्यात मोठ्या तोफा, नदी ओलांडायला पूल, जास्त बारीक नकाशा, हत्ती, आणि राजाच्या अंगावरचं वस्त्र जवळून बघितलं तर त्याची वीण दिसायला हवी. हत्तीपर्यंत आल्यावर मी सेरवाला विचारलं, “या पोराला तिकडे कोणी जेवायला घालतं का गं?” ती म्हणाली, “आजी, यादी ऐक.” ऐकली. खालच्या बाजूला लोकांनी तुझी वाहवा केलीय, तीही ऐकली. एक जण म्हणतो, तुझ्यासारखा आपल्या राज्याचा जाणकार दुसरा नाही. ते ऐकून मी इतकी हसले की सेरवाने पाण्याचा पेला आणला.

तुला आठवत नसेल, पण मीही तुझ्या त्या खेळात राज्य केलंय. मागच्याच्या मागच्या ईस्टरला तू कॉम्प्युटर घेऊन आला होतास. तू बटणं दाबायचास, मी हुकूम सोडायची. मी कोठारं भरून घेतली, रस्त्यांवरचं गवत काढायला लावलं, शेजारच्या राजांना कोलाच्या बिया पाठवल्या आणि कोणाच्या वाटेला गेले नाही. तुझा चहा संपायच्या आत त्या शेजाऱ्यांनी मिळून मला गिळून टाकलं. मी म्हटलं, “अरे, त्यांनी माझी कोला खाल्ली की. कोला खाऊन कोणी चाल करून येतं का?” तू पोट धरून हसलास आणि म्हणालास, “आजी, हा खेळ आहे. इथे कोणी कोणाला विचारत नाही.” तेव्हा मी ते सोडून दिलं. पण तुझ्या यादीत आधी हत्ती आले आणि विचारणं कुठेच आलं नाही, हे बघून ते वाक्य मला परत आठवलं. म्हणून म्हटलं, म्हातारीलाही काय हवं ते कळवू दे. तू ते इंग्रजीत कर आणि पाठव त्या कंपनीला. माझं नाव घालायची गरज नाही.

पहिलं म्हणजे त्यांच्या राजाला चारचौघांत जेवताना दाखवू नका म्हणावं. त्या ईस्टरला माझा भाऊ तुझ्या मागे उभा राहून बघत होता. पडद्यावर मेजवानी चाललेली, आपला राजा मधोमध बसून बकऱ्याची तंगडी दोन्ही हातांनी ओरपतोय आणि सगळा दरबार टाळ्या वाजवतोय. भाऊ म्हणाला, “याला आधी आसनावरून उतरवा.” मग तू गेल्यावर तो बराच वेळ तिथेच बसून राहिला. आसनावर बसायच्या आधी तो माझ्याबरोबर रस्त्याच्या कडेला भाजलेली केळी आणि शेंगदाणे खायचा, उभ्याउभ्या, येणाऱ्याजाणाऱ्याला नावं ठेवत. बसला त्या दिवसापासून दार लावून जेवला. गावाने त्याला कधी चावताना पाहिलं नाही, आणि तसंच असायला हवं. पण मला एकदा म्हणाला होता, “अक्का, मला कशाचीच कमी नाही. फक्त रस्त्यावरची केळी दारामागे तशी लागत नाहीत.” खेळात मेजवानी दिली की राजाचा आनंद वाढतो, असं तू मला सांगितलं होतंस. तो आकडा कमी करायला सांग त्यांना.

दुसरं. राजाचे दिवस भरले की त्यांच्याकडे तो भलता शब्द सरळ चौकटीत लिहून येतो, वर घंटा वाजते. सेरवाने तो वाचून दाखवल्यावर मी तिला दाराबाहेर जाऊन थुंकून यायला लावलं. राजा गावी जातो. तो गेलाय हेही लगेच सांगत नाहीत. त्यांना लिहायचंच असेल तर ‘राजा गावी गेला’ लिहा, आणि तेही सगळ्यांना कळल्यावर.

आणि मग काय होतं, तर घंटा वाजायची थांबत नाही तोवर त्याचा मुलगा गादीवर. मुलगा! अरे, तू त्या खेळात इतकी वर्षं आपलं राज्य चालवतोयस आणि प्रत्येक वेळी मुलगा बसतो, आणि तू काही बोलत नाहीस? राजाचा मुलगा हा त्याच्या आईच्या घरचा. त्याचा आपल्या आसनाशी काय संबंध? बहिणीचा मुलगा, भाचीचा मुलगा, एका आईच्या पोटातून चालत आलेलं रक्त, हे तुला चौथीतच शिकवलं होतं, आणि शिकवणारी तुझी ताईच होती. तुझी जाणकारी किती, ते मला तिथेच कळलं.

हे लिहिताना ती मान खाली घालून हसतेय. हसू दे. ती सध्या फार कमी हसते. शाळेत मुख्याध्यापिका झाल्यापासून तिचा चेहरा घंटेसारखा झालाय. शिवाय आसन रिकामं आहे तेव्हापासून लोक तिच्याकडेच येतात. मी त्यांना म्हणते, इथे राजा नाही, वाट बघा. ते माझ्यासमोर मान डोलावतात आणि मागच्या दाराने सेरवाकडे जातात. परवा कोको वाळत घालायच्या चटयांवरून दोन घरं भांडत आली. एक म्हणे, तुझ्या बकरीने खाल्लं. दुसरा म्हणे, तुझा कोको उनाड, माझ्या अंगणात येऊन वाळतो. सेरवा भाजी चिरत होती. तिने दोघांना अर्धा अर्धा भोपळा चिरायला दिला आणि म्हणाली, चिरून झालं की बोला. चिरून होईपर्यंत एकाची बायको हसायला लागली, मग दुसऱ्याची. चटया कुठे घालायच्या ते त्यांचं त्यांनीच ठरवलं. भोपळा आम्ही खाल्ला. तुझ्या खेळात असं करायला कुठलं बटण आहे?

बायकांसाठी त्यांच्याकडे एकच बटण आहे, ते मी बघितलंय. लग्न लावून देणे. राजाची बहीण या राजाला द्या, भाची त्या राजाला द्या, मोबदल्यात सैन्य घ्या. मी सेरवाला विचारलं, “यात मी कुठाय?” तिने सगळीकडे शोधलं. म्हणाली, “आजी, तू नाहीस.” आता सांग, मी नसेन तर त्यांच्या राजाचं नाव कोण घेतं? आकाशातून पडतो? तेव्हा राजमाता घाला म्हणावं. म्हातारी घाला, कमी ऐकणारी असली तरी चालेल. तिला तीन नावं द्या. तिने नाव घेतलं की वडीलधाऱ्यांनी ते पाडायची सोय ठेवा, म्हणजे खेळणाऱ्याला घाम फुटेल. दोन नावं पडल्यावर तिसरं घेणं म्हणजे काय, ते तुमच्या तोफांनी कळायचं नाही.

आपल्याकडचे वडीलधारे अजून तसेच आहेत. कुळाचा मोठा म्हणून बाफी मधोमध बसतो, तोंडात दातकाडी. प्रत्येक बैठकीला त्याचा एकच प्रश्न, “राजमाता, घरातला पुरुष कुठाय?” मी सांगते, “घोडदळ घेऊन गेलाय.” मागच्या वेळी तो म्हणाला, “मग त्याला सांगा, घोड्याला चारा घालून झाला की तोंड दाखव.” सगळे हसले. मी पण हसले, पण घरी येताना मला चढ जास्त वाटला.

आता शेवटचं, आणि हे सगळ्यांत वर लिही. त्या खेळात ज्याला राजा करतात त्याला कोणी विचारत नाही. चित्र बदलतं आणि तो बसलेला असतो. त्याला एक बटण द्या म्हणावं. ‘नको’ म्हणायचं. सगळ्यांसमोर उभं राहून, मानाच्या दारूची बाटली पुढे ठेवून, वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांत बघून ‘मला नको’ म्हणायचं. ते दाबलं म्हणून कोणाचं राज्य बुडू नये, आणि दाबणाऱ्याला कोणी भित्राही म्हणू नये. पण पळून जायचं बटण देऊ नका. कारण पळून गेलेल्याचा नकार आपल्याकडे धरत नाहीत, हे तुला ठाऊक आहे. तो परत येऊ शकतो. दहा वर्षांनी वकील घेऊन येतो आणि म्हणतो, मी घरातला पुरुष होतो, मला डावललं. पलीकडच्या गावात हेच झालं आणि आता तिथे दोन राजे आहेत आणि पाण्याचा पंप एकही चालत नाही.

तर अदारक्वा, तू मला आसनावर नकोच होतास. हे आधी सांगितलं असतं तर तू पत्र मिटून खिशात घातलं असतंस आणि पुन्हा गायब झाला असतास, म्हणून एवढा वेळ तुझ्या हत्तींबरोबर चालले. तू चांगला मुलगा आहेस. पण तू ज्या खेळात राज्य करतोस तिथे कोणी कोणाला विचारत नाही, आणि तुला ते आवडतं. मी तिसरं नाव सेरवाचं घेणार आहे. पन्नाशीला आलेली बाई आहे, मुलं मोठी झालीत, आणि गाव तिच्या मागच्या दाराशी आधीच उभं आहे. माझ्या आजीची आजी अन्टविवा याच आसनावर बसली होती. पुरुष लढाईवर गेले आणि परत आले नाहीत, तेव्हा. वडीलधारे ते विसरलेत, पण बाफीला मी आठवण करून दिली, त्याच्याच पणजोबाने तिच्यापुढे मान लववली होती म्हणून. त्याने दातकाडी तोंडातून काढली. म्हणाला, “घरातल्या पुरुषाने समोर येऊन नको म्हटलं, तर मी आडवा येणार नाही. तो दडून बसला, तर मी हे नाव पाडेन. मला पंप बंद पडायला नकोत.” बरोबर बोलला. तेव्हा ये. अक्वासिदाएचा, पूर्वजांच्या सणाचा रविवार झाला की येणाऱ्या गुरुवारी बैठक आहे. कोणी तुला धरणार नाही. ये, उभा राहा, म्हण, मला नको, माझ्या बहिणीला द्या. जे तोंडावर म्हणावं लागू नये म्हणून तू पळालास, तेच मला तुझ्याकडून हवंय. पांढरा शर्ट घाल, तोच, व्हिडिओतला.

तुझ्या ताईला हे आत्ता, लिहिता लिहिता कळलं. वरच्या ओळींत एक शब्द खोडलेला दिसेल, तो म्हणून. मी तिला म्हटलं, तुलाही विचारतेय. नको असेल तर पेन खाली ठेव, मी दुसऱ्या कोणाकडून पुरं करून घेईन आणि नाव घेणार नाही. ती उठली, दारापर्यंत गेली, अंगणातली कोंबडी उगाच हाकलून आली आणि परत बसली. अक्षर तुला ओळखू येतं ना? ही ओळ कोणाच्या हातची आहे, ते बघ.

म्हणून एक काम कर, आणि हे विसरू नकोस. तू गुरुवारी येशील तेव्हा येशील, पण त्याआधी रविवारच्या बसने ओपुनीबरोबर केंके पाठव, किनाऱ्यावरचं, मक्याच्या पिठाचं, कणसाच्या सालीत बांधलेलं, आंबट लागणारं, गरम असतानाच फडक्यात गुंडाळून. बरोबर तळलेला मासा, डोक्यासकट, आणि मिरचीच्या काळ्या चटणीची बाटली, झाकण घट्ट लाव. अक्राला शिकायला होती तेव्हा ती हे रस्त्यावर उभी राहून खायची, बोटं चाटत, आणि तूच मला येऊन सांगायचास की ताईला लाज नाही. तेवढंच पाठव, ताट-बीट काही नको. मी तिला बसथांब्यावर घेऊन जाईन. तिथे झाडाखाली, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर, ती पोटभर खाऊ दे. मासे दोन पाठव, दुसरा माझा.

तुझीच,
जिला तू फोनवर ओळखत नाहीस ती आजी